पाचव्या कागदाखालची चिठ्ठी

अनाथ मुलांच्या त्या संस्थेत शिवणमावशीची दोन मशीन होती. एक पायाने चालायचं, दुसरं तोंडाने. पहिल्यावर ती चाळीस पोरांचे उसवलेले शर्ट जोडायची, दुसऱ्यावर यमकं. तिची आत्या म्हणे यमक जुळल्याशिवाय पाणीसुद्धा मागायची नाही आणि त्यापायी दोनदा तहानलेलीच झोपली होती. ते वेड भाचीच्या अंगात उतरलं.

संस्थेत वर्षातून एक दिवस सगळ्यांचा मिळून वाढदिवस असायचा, कारण निम्म्या मुलांना आपली खरी तारीख ठाऊक नव्हती. त्या दिवशीचा पुड्याचा खेळ मावशीचा. एका भेटवस्तूवर पाच कागद गुंडाळायचे, दर कागदाच्या घडीखाली एक यमकाची चिठ्ठी खोचायची आणि आत काहीतरी खाऊ-खेळणं. पोरं गोल बसायची, गाणं लागायचं, पुडा मांडीवरून मांडीवर फिरायचा. गाणं थांबलं की ज्याच्या मांडीवर पुडा, त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि चिठ्ठीत ज्याचं वर्णन, त्याने पुढे येऊन कागद सोडायचा.

यंदा आदल्या दिवशी संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं.

"उद्या पाहुणे आहेत. चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको. दत्तक घ्यायचंय, खारीला बघायला येतायत."

खार म्हणजे चार वर्षांची, गालात घास साठवून हिंडणारी पोर.

"रांगेत उभी केली की पोरं रडतात," बाई म्हणाल्या. "खेळताना बघू देत. चिठ्ठ्या अशा कर की ती दोनदा तरी पुढे येईल."

"आणि थोरली?"

थोरली म्हणजे खारीची सख्खी बहीण. नऊ वर्षांची.

बाईंनी समोरची फाइल उगाच सरळ केली. "तीन वर्षं दोघींना एकत्र दाखवतेय. चार जोडपी आली. चारही म्हणाली, विचार करून सांगतो. अजून विचारच करतायत! खार पाचाची झाली की तिलाही कुणी विचारणार नाही. मग दोघी इथेच. यांना एकच हवंय."

"म्हणजे बहीण आहे हे त्यांना माहीतच नाही?"

"सांगेन. सही झाल्यावर."

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. हात कोरडेच होते.

संध्याकाळी शिवणखोलीत थोरली नेहमीसारखी सुया ओवायला आली. मावशीच्या डोळ्यांना आता सुईचं नाक दिसत नव्हतं. एक-एक सुई ओवताना थोरली यमकं पुरवायची. मावशीने "दोरा" म्हटलं की "कोरा", "कात्री" म्हटलं की "खात्री".

आज तिने एकही यमक दिलं नाही.

"उद्या कोण येणारेय गं मावशी?"

"कोण येतंय? केक येतोय."

"मग एकट्या खारीच्याच फ्रॉकला इस्त्री का?"

मावशीच्या तोंडातलं मशीन बंद पडलं.

"दोघींना मिळून नेतात का कुणी?" थोरलीने विचारलं.

"नेतात की! न न्यायला काय झालं?"

"कुणाला नेलं?"

मावशीने आठवून पाहिलं. एकोणीस वर्षं ती इथे होती. तिला एकही जोडी आठवली नाही.

"ते दोघे भाऊ होते ना इथे," थोरली सुईकडे बघत म्हणाली, "त्यांनाही एकत्रच दाखवायचे. आता दोघे मोठ्या मुलांच्या संस्थेत आहेत. धाकटा आता कुणाशी बोलतच नाही म्हणे."

"मेली कसली पोक्त कार्टी! जा, जेवायला जा."

थोरली गेली आणि मावशीने पाचवी चिठ्ठी लिहायला घेतली. तिचा हिशेब सरळ होता. फाइल काहीही सांगो, डोळे खोटं बोलत नाहीत. एकाच गाठीवर वाकलेली ती दोन सारखी नाकं, त्या दोन सारख्या भुवया एकदा त्या पाहुणीने पाहिल्या की तिला एकीला उचलायचा धीर व्हायचा नाही. मोठ्या बाई रागावतील. रागावू देत. नोकरीवरून काढतील. काढू देत, मशीन कुठेही चालतं. तिने लिहिलं:

*एका रिळाचे दोन दोरे, एका फांदीची दोन पानं;*
*दोघी बहिणी मिळून सोडा ही शेवटची गाठ हातानं.*

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये चटया पसरल्या. चष्मेवाला भिंतीशी खुर्चीवर बसला, गुडघे जुळवून, दवाखान्यात बसल्यासारखा. त्याची बायको मात्र खुर्ची सोडून खाली चटईच्या कडेला टेकली. बाई चांगली होती, तेच तर वाईट होतं. तिने आल्या आल्या एका पोराचं शेंबडं नाक स्वतःच्या रुमालाने पुसलं.

गाणं मावशीच्या हाती होतं. नियमाप्रमाणे पोरांकडे पाठ करून ती स्पीकरपाशी उभी राहिली, पण समोरच्या खिडकीच्या काचेत सगळा गोल दिसत होता.

पहिली चिठ्ठी निघाली: *ज्याच्या शर्टाचं बटण नाही कधीच त्याच्या जाग्यावर, पुडा त्याच्या हाती द्या अन् डोळा ठेवा धाग्यावर.* आठ पोरं एकदम उठली. "माझं बटण नाही! माझं पण नाही!" चष्मेवालाही हसला आणि नकळत स्वतःची बटणं चाचपू लागला.

दुसरी: *पुढचे दात गेले पळून, उघडी राहिली खिडकी; तिच्या हाती द्या हा पुडा, घेऊ द्या तिला गिरकी.* तिसरी-चौथी खारीचंच वर्णन करून लिहिलेल्या. खार पुढे आली, तिने कागद फाडला, चॉकलेट गालात ठेवलं आणि त्या बाईकडे बघून एका बाजूने हसली. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं मावशीने काचेत टिपलं. पोर गेली, तिच्या मनात आलं. आता एकटी गेली तर माझ्या हातून गेली.

तिने गाणं लावलं. पुडा फिरला. थोरलीच्या मांडीवर आला, तशी मावशीने गाणं तोडलं.

थोरलीने चिठ्ठी उलगडली. वाचली. मनातल्या मनात. मग पुन्हा एकदा.

"वाच की गं!" पोरं ओरडली. "वाचता येत नाही काय?"

थोरलीने मान वर केली. मावशी नियम विसरून वळली होती. दोघींची नजर भेटली. मग थोरलीने चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि स्वच्छ आवाजात वाचलं:

"सगळ्यांत छोटी बोटं जिची, सगळ्यांत छोटं नाक;
पुडा तिच्या मांडीवर द्या, मारा तिला हाक."

"खाऽऽऽर!" सगळा हॉल ओरडला.

मावशीने लिहिलेल्या चिठ्ठीत असं एक अक्षर नव्हतं. थोरलीने पुडा खारीच्या मांडीवर ठेवला, चिठ्ठीची घडी घातली, मुठीत दाबली.

"किती छान वाचतेस गं!" चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "तुझं कुणी भावंड आहे का इथे?"

"नाही," थोरली म्हणाली. "मी एकटीच."

"ताई, सोड ना गाठ!" खार तिला म्हणाली. पण संस्थेतली सगळीच लहान पोरं सगळ्या मोठ्या मुलींना ताई म्हणायची. त्या एका हाकेने काहीच उघडं पडलं नाही. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मावशीने तोंड उघडलं. थोरलीने तिच्याकडे बघून फक्त मान हलवली, नाही. नऊ वर्षांच्या पोरीची मान, पण मावशीने तोंड पुन्हा मिटलं.

सोळा दिवसांनी गाडी आली. कागदांवर सह्या झाल्या होत्या. बहिणीचं सांगितलं का, हे मावशीने बाईंना विचारलं नाही आणि बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

थोरली खाली उतरलीच नाही. जिन्याच्या वळणावर तिने मावशीचा हात धरला आणि घाईघाईने कुजबुजली, "मावशी, त्यांना सांग. तिचा डावा कान दुखतो, त्या अंगावर झोपवू नका. आंघोळीचं पाणी डोक्यावरून एकदम ओतू नका. आणि झोपवल्यावर दार पूर्ण लावू नका, फट ठेवा, नाहीतर ती घाबरून श्वासच घेत नाही. सांगशील?"

"सांगते गं बाळा."

फाटकाशी खार गाडीत बसली होती, दोन्ही गाल फुगवून. मावशीने खिडकीपाशी वाकून कानाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. चष्मेवाल्याची बायको एक-एक गोष्ट बोटावर मोजत होती. मग तिने मावशीचा हात हातात घेतला. "मुलांची किती माहिती असते हो तुम्हाला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मावशीचेही भरले. तेवढ्यात चष्मेवाल्याने गाडी सुरू केली.

मावशी जिन्यापाशी परत आली.

"सांगितलंस?"

"सांगितलं. कानाचं, पाण्याचं."

"आणि दाराचं?"

मावशी वळली. चप्पल तिथेच टाकून फाटकाबाहेर धावली, कोपऱ्यापर्यंत धावली. रस्त्यावर एक सायकलवाला होता, बाकी कुणी नाही. ती तशीच ऑफिसात शिरली. "बाई, त्यांचा फोन नंबर द्या. एकच वाक्य सांगायचंय."

"तो देता येत नाही मावशी. नियम आहे. पुढच्या महिन्यात भेट आहे, तेव्हा मी सांगेन."

"आज रात्री झोपवतील तिला."

बाईंनी हाताने कपाळ धरलं. फोन काही उचलला नाही.

थोरली जिन्यावरच बसून होती. मावशी तिच्या शेजारच्या पायरीवर टेकली. तिचं तोंड बघून पोरीला कळलंच.

"मीच हळू बोलले," थोरली म्हणाली. "मोठ्याने सांगायला हवं होतं मी."