सकाळचे चौऱ्याण्णव

चष्म्याच्या दुकानात ती फ्रेमा बसवायची. दांडी गरम हवेवर धरून मऊ करायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बेतानं वाकवायची, नाकावरचे पॅड बोटानं दाबून बघायची. दिवसाकाठी तीस-चाळीस अनोळखी चेहऱ्यांना तिचा हात लागायचा. घरी मात्र दाराचं कुलूप स्वतःच काढायचं. नवरा जहाजावर इंजिनियर, सहा-सहा महिने पाण्यावर. आई जाऊन चार वर्षं झालेली. उरली ताई, तीही लांब. रोज संध्याकाळी फोनवर भेटायची.

गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात साखरेची तपासणी झाली आणि रिपोर्ट वाईट आला. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला एक छोटं यंत्र दिलं, एक वही दिली.

"सकाळी उपाशीपोटी पंच्याण्णवच्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या खाली. दिवसातून चारदा बोट टोचायचं, आकडा लिहायचा आणि दर मंगळवारी वही मला दाखवायची."

त्या संध्याकाळी तिनं ताईला सांगितलं. ताई उसळलीच. "आपल्याकडे कुणाला साखर नाही, तुलाच कुठून आली? गोड खात सुटली असशील!"

"असेल," ती म्हणाली. त्यानंतर ताईनं विचारलं की ती "आता नॉर्मल आहे गं" म्हणून विषय बदलायची. नवऱ्याला तर तिनं ताकास तूर लागू दिली नाही. भर समुद्रात बसून जिवाला घोर लावून घेण्यापलीकडे तो काय करणार होता?

भात मुठीएवढा झाला, भाजी ताटभर झाली. दुपारच्या जेवणानंतर ती दुकानामागच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागली. दुकानाचे मालक, म्हणजे काका, एकदा खिडकीतून ओरडले, "अगं, गाडी हरवली का तुझी? रोज शोधतेस ती!"

ती हसली. काय झालंय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. टोचून टोचून हुळहुळ्या झालेल्या बोटांनी तिनं त्याच्या चष्म्याचा इवलासा स्क्रू पिळला.

दुपारचे आकडे ताळ्यावर आले. सकाळचे काही केल्या येईनात. अर्धपोटी झोपलं तरी सकाळी एकशेचार, कधी एकशेअकरा. पहिल्या मंगळवारी सिस्टरनं वही पाहिली आणि नुसतं "हं" केलं. ते "हं" तिला आठवडाभर पुरलं. पुढच्या सोमवारी यंत्रानं एकशेचार दाखवले, आणि तिनं वहीत चौऱ्याण्णव लिहिले. बाकीच्या सकाळीही तशाच दुरुस्त केल्या.

"अरे वा! छान चाललंय की तुझं," सिस्टर म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बसमध्ये बसल्यावरही तो हात तिथंच असल्यासारखा वाटत राहिला. मग पाच मंगळवार ती तसंच लिहीत गेली. आपण चुकतोय हे तिला कळत होतं. तरी मंगळवारची ती वाट बघायची.

चौतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. बाळाच्या पोटाचा घेर दिवसांच्या मानानं बराच मोठा भरला. सिस्टरनं रिपोर्ट पाहिला, वही पाहिली, पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"यंत्र आणलंयस?"

सिस्टर त्यावरचं एक बटण दाबत गेली. जुने सगळे आकडे त्यात साठलेले असतात, हे हिला ठाऊकच नव्हतं. एकशेसात. एकशेअकरा. एकशेनऊ. सिस्टरनं उठून दार लावलं.

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग हे चौऱ्याण्णव कुणासाठी?"

तिनं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, "तुमच्यासाठी. तुम्ही छान म्हणता ना."

सिस्टर खुर्ची ओढून समोर बसली. "अगं वेडाबाई, सकाळची साखर तुझ्या खाण्यानं वाढत नाहीये. बाळाच्या वारेतून जे रस सुटतात त्यांची ती करामत. उपाशी झोपून काही होणार नव्हतं. इन्सुलिन लागणार होतं, एवढंच. पाच आठवडे वाया घालवलेस." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. मग तिनं इन्सुलिनचं पेन काढलं, आणि मांडीत सुई कशी टोचायची ते तिच्याच हातानं करून घेतलं.

त्या रविवारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पडद्यावरचा त्याचा चेहरा हलेना. चित्र अडकलंय की तो, तिला कळेना.

"दोन महिने?" तो शेवटी म्हणाला. "दोन महिने मी मूर्खासारखा हवापाण्याच्या गप्पा मारत होतो?"

ती काही बोलणार, तोच रेंज गेली. रडायला आलं, आणि मोकळंही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: "आज सकाळी किती?" तिनं लिहिलं: "एकशेदोन." तेव्हापासून तो रोज विचारायचा. जहाज दूर गेलं की तीन-तीन दिवसांचे प्रश्न एकदमच येऊन पडायचे, आणि तीही तिन्हींची उत्तरं ओळीनं पाठवायची.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. साडेतीन किलोची, गुटगुटीत, साखर व्यवस्थित. ताई आठवडाभर येऊन राहिली, खूप बोलली, निघताना खूप रडली.

दीड महिन्यानं पुन्हा तपासणी होती. मुलीला छातीशी बांधून ती गेली. टेबलामागे दुसरीच बाई होती. "नॉर्मल आहे. दरवर्षी तपासत राहा," ती मान वर न करता म्हणाली.

"आधीच्या सिस्टर?"

"त्यांची बदली झाली. पुढचा नंबर!"

ती बाहेर आली. नवऱ्याला यायला अजून एकोणीस दिवस होते. मुलगी कुरकुरायला लागली, तशी ती व्हरांड्यातल्या बाकावर टेकली, पदराआड तिला घेतलं आणि दूध पाजत बसली.