चेअरमनबाईंची जपानातली आंघोळ

नेकनूरकडच्या दूध संस्थेच्या चेअरमन विमलबाई. कारभार नवऱ्याचा, गहिनीनाथचा. बाईंच्या वाट्याला सह्या. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दुधाच्या कॅनमध्ये टँकरचं पाणी भरलं जाऊ लागलं, आणि नेमका त्याच साली सहकाराचा अभ्यासदौरा निघाला, थेट जपानला.

तिकडं नोकरीला असलेला विमलबाईंचा भाचा उत्तरेश्वर त्या दोघा नवरा-बायकोंना कॅम्पर गाडीतून खेड्याखेड्यातली जुनी घरं दाखवत फिरला. गाडीत चूल, बिछाने, सगळं होतं; न्हाणी तेवढी नव्हती. दर घरापुढं गहिनीनाथ मान वर करून उभा राही. एक गवती छप्पर तर इतकं जाड, की त्यात शिरलेली मांजर पणतवंडं घेऊन बाहेर आली म्हणतात. "सगळा गाव मिळून शाकारतो. ह्याला म्हणायचं सहकार!" असं तो म्हणाला, की लगेच पुढचं घर. ओल्या रुमालानं अंग पुसून पुसून विमलबाईंचा पितळी तांब्या व्हायची वेळ आली.

शेवटी एका घरच्या आजीनं लाकडं पेटवून न्हाणीतली टाकी तापवली.

"आधी बाहेर अंग धुवायचं, मग आत नुसतं बसायचं," उत्तरेश्वर म्हणाला. "पाणी सगळ्या घराला एकच. आधी पाहुणे, मग आजी."

मान म्हटल्यावर पहिला नंबर गहिनीनाथचा. बराच वेळ झाला, तरी माणूस बाहेर येईना. विमलबाई टॉवेल घेऊन आत गेल्या, तर टाकीचा तळ दिसतोय, मागचं दार उघडं आणि नवरा कपड्यांनिशी निथळत उभा!

"अवो, पाणी कुठंय?"

"गाडीत भरून ठिवलं. पातेली, थर्मास, तुजे बूट."

"बुटात कावून?"

"भांडी संपली."

"भायेर बघा जरा! धो धो पाऊस पडतोय!"

"त्याचा काय भरवसा? दिसलं की भरून ठिवावं."

विमलबाईंनी कपाळावर हात मारला. "भरलं तसं माघारी आणा. बुटातलं सोडून!"

गहिनीनाथ पातेली घेऊन पावसात खेपा घालू लागला. आजी दारात उभी राहून हसत होती; उत्तरेश्वरला तिच्या भाषेत ह्याचा खुलासा काही जमेना. पाणी टाकीत परतलं, पण पार गार होऊन. मग बाईंनी नवऱ्याला न्हाणीमागं, टाकी तापवायच्या चुलीपाशी बसवलं आणि दार लावून घेतलं.

डोळ्यांत धूर, पाठीवर पावसाची धार. गहिनीनाथ ओरडला, "झालं का गं? फुडचं घर बघायचंय!"

आतून आवाज आला, "चेअरमनची बैठक चालू हाय. लाकूड घाला."