पोटरी दाबली, पाऊल हललं नाही

तीस वर्षं पळणाऱ्यांचे पाय चोळतोय मी. हाताला सगळं कळतं, असा माझा माज होता.

भाची सरावाला सुटली आणि तिसऱ्या पावलाला थांबली. वळून बघते तर मागे कुणीच नाही. म्हणाली, "मामा, टाचेवर लाथ कुणी मारली?"

मी तिला खाली बसवलं. "पाऊल खाली दाब." दाबलं. बोटंही हलवली. "टाचेची शीर शाबूत आहे गं, पाऊल मुरगळलंय. स्पर्धेच्या निवडीला अजून महिना आहे." आणि चार दिवस तेल चोळत बसलो. पाचव्या दिवशी पायऱ्या चढताना तिची टाच काही उचलेना. तेव्हा ताई कडाडली, "तुझं तेल ठेव बाजूला. डॉक्टरकडे चल!"

डॉक्टरीणबाईंनी पोरीला पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली. चांगल्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबली, पाऊल टुणकन हललं. दुसरी दाबली. काही नाही. परत दाबली. पाऊल मेल्यासारखं.

"टाचेमागची शीर तुटलीय," बाई म्हणाल्या.

"पण पाऊल खाली दाबते की ती!"

"दाबणारच. बाकीचे स्नायू ओढून नेतात. तिथंच फसतात लोक. मुरगळलंय असं कोण म्हणालं?"

उशीत तोंड खुपसून पोरगी म्हणाली, "मलाच वाटलं तसं."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो. "खोटं बोलतेय ती. मी म्हणालो. वर चार दिवस रगडलं पण."

बाई पायावर सोनोग्राफीचं मशीन फिरवायला लागल्या. पडद्यावर नुसतं करडं करडं. मी त्यांच्या भुवया बघत उभा. माझ्या चोळण्यानं शिरेची तुटलेली टोकं लांब गेली असली तर?

बाईंनी पाऊल हळूच खाली वळवलं. "भिडतायत टोकं. पाऊल असंच ठेवून प्लास्टर घालू. ऑपरेशन टळेल असं वाटतंय. पण यंदाची निवड विसरा."

"आणि पळणं?" पोरीनं विचारलं.

"नऊएक महिने. घाई केलीस तर परत तुटेल."

ताईनं पोरीचे डोळे पुसले. मी दाराकडे सरकलो.

"मामा, कुठं निघालास?"

"बाहेर बसतो."

"पळू नकोस," ती म्हणाली. "प्लास्टर घालेपर्यंत हात धर माझा. फक्त हात. पायाकडे यायचं नाही."