किलियानचं टेबल

सेंट निकोलसच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी गावात क्लाउबाउफ येतात. गावचीच माणसं, पण अंगावर मेंढीची कातडी, कमरेला घणघणत्या घंटा, तोंडावर लाकडी मुखवटे. घरात घुसून जेवणाचं टेबल बाहेर बर्फात ओढून न्यायचं, हे त्यांचं काम. टेबलामागच्या बाकावर बसून ते धरून ठेवायचं, हे घरच्यांचं. दरवर्षी कुणाची तरी बरगडी मोडते. तरीही ज्याच्या दारावर त्यांना बोलावणारा दिवा दिसत नाही, त्याला गाव वर्षभर सुखाने जगू देत नाही.

बुर्गीला या प्रकाराची लहानपणापासून धास्ती. यंदा तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. तिचे सासरे किलियान नुकतेच हृदयविकाराच्या झटक्यातून कसेबसे वाचले होते. डॉक्टरांनी लाकडं फोडायलाही बंदी केलेली, आणि म्हातारा हट्टाला पेटलेला, की टेबलामागे मीच बसणार. तिने दारावरचा दिवा मालवला की हा उठून पुन्हा लावायचा.

शेवटी तिने नवऱ्याला गाठलं. लोरेन्झ स्वतःच क्लाउबाउफांच्या टोळीत होता. त्याने शब्द दिला, की पहिला मीच आत येईन, बाबांसमोर उभा राहीन आणि ओढल्याचं नुसतं सोंग करीन. त्याचा मुखवटा तिने हजारांत ओळखला असता. कोरताना सुरी घसरून मुखवट्याची डावी नाकपुडी उडाली होती. मुखवट्यातल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही आणि मुखवट्याला हात लावायचा नाही, एवढाच काय तो नियम होता.

घंटा चढावर आल्या तशा खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. दार धाडकन उघडलं. तुटक्या नाकपुडीचा मुखवटा सगळ्यांत पुढे होता. बुर्गीचा जीव भांड्यात पडला.

"हळू हं," ती कुजबुजली.

त्याने टेबल धरलं आणि असा हिसका दिला, की कड किलियानच्या छातीवर आदळली. मागून बाकीचे घुसले. ओल्या कातड्याचा आणि दारूचा वास खोलीभर पसरला. किलियानचे ओठ निळे पडत चालले होते, पण बोटं काही सुटत नव्हती.

"अरे, बाबांकडे बघ," ती विनवू लागली. मुखवटा तिच्याकडे नुसता बघत राहिला आणि त्याने आणखी जोरात ओढलं. याला बाप मेलेला हवाय की काय, असं तिच्या मनात आलं. तिने दोन्ही हातांनी तो मुखवटा उपसून काढला.

आत डेअरीतला रुपर्ट होता. दांडगा पोरगा, पण तिच्याइतकाच घाबरलेला. घंटा थांबल्या. मागचा एक मुखवटा खाली मान घालून उभा होता, आणि तो कोण हे तिला लगेच कळलं.

"मीच सांगितलं तुझ्या नवऱ्याला, मुखवटा याच्याशी बदल म्हणून," किलियान धापा टाकत म्हणाले. "तुमचं कारस्थान मला कळत नव्हतं होय? घरात सगळे मला काचेच्या बशीसारखं जपतायत. निदान यांनी तरी खरं ओढावं. तेही सोंग करायला लागले, तर मी मेलोच की गं पोरी."

बुर्गी जा म्हणाली असती तर सगळे मुकाट्याने निघून गेले असते. पुढच्या वर्षी दिवा असूनही कुणी दार ठोठावलं नसतं, आणि म्हातारा त्या टेबलापाशी एकटा बसून राहिला असता. त्यांचे ओठ अजून निळेच होते.

तिने मुखवटा रुपर्टच्या तोंडावर परत चढवला. मग ती सासऱ्यांना खेटून बाकावर बसली आणि टेबलाची कड धरली.

"घाबरलात, बाबा?"

"लई," किलियान म्हणाले. कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते. "धर घट्ट."

आणि घंटा पुन्हा वाजू लागल्या.