स्वच्छतामंत्र्यांचा सभात्याग

सुकन्या स्वच्छतामंत्री झाली तेव्हा नववीच्या वर्गानं जोरात टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या टाळ्या हे खातं आपल्या गळ्यात पडलं नाही म्हणून होत्या. विद्यार्थी मंत्रिमंडळात क्रीडामंत्री व्हायला भांडणं होतात, सहलमंत्री व्हायचं म्हणून पोरं आठवडाभर एकमेकांना वडापाव चारतात. स्वच्छता कुणालाच नको असते. मुख्यमंत्री परिपाठाला छाती काढून पुढं उभा राहतो आणि स्वच्छतामंत्री मैदानातले कागद उचलतो, अशी या शाळेतली लोकशाही. सुकन्यानं मात्र हे खातं मागून घेतलं होतं. तिला एकच काम करायचं होतं. मुलींच्या बाथरूमचं कुलूप काढायचं होतं.

सोलापुरातून कुंभारीकडं जाताना ही शाळा लागते. कुणा देणगीदारानं तिथं मुलींसाठी बाथरूम बांधून दिलं होतं. पांढऱ्या टाइल्स, नळाला पाणी, आरसासुद्धा. स्वच्छ शाळेच्या स्पर्धेत त्याचे फोटो गेले, बक्षीस आलं आणि हेडसरांनी त्याला कुलूप घातलं. मुली घाण करतात, असं त्यांचं म्हणणं. आता जिथं कुणी जातच नाही ती जागा चकचकीत राहणार नाही तर काय होणार!

चावी हेडसरांच्या टेबलावर असायची. जिला जायचंय तिनं ऑफिसात जायचं, चहा पीत बसलेल्या सगळ्या सरांपुढं उभं राहायचं आणि चावी मागायची. कुणीतरी हमखास विचारायचं, "मघाशीच गेलतीस की गं?" एकदा हे ऐकलं की ती मुलगी पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नसे. मग मुलींनी आपल्यापुरता उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. सोलापूरचं ऊन, वर पत्रा, आणि सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जायची.

रेश्मा ही सुकन्याची बाकावरची जोडीदार. तिला आधी जळजळ सुरू झाली, मग ताप भरला, शेवटी सलाईन लावावं लागलं. डॉक्टर तिच्या आईवरच ओरडले, पोरगी पाणी पीत नाही हे तुम्हाला कळत कसं नाही म्हणून. रेश्मानं मान खाली घातली, कारण कुलपाचं सांगायची तिला लाज वाटली. हे ऐकून सुकन्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच आठवड्यात खातेवाटप होतं, आणि तिनं हात वर केला.

मंत्री झाल्याझाल्या ती हेडसरांकडं गेली.

"सर, बाथरूमची चावी माझ्याकडं द्या. मी रोज उघडते, साफबी ठेवते."

हेडसर पोट हलेपर्यंत हसले. "चावी? उद्या माझी खुर्ची मागशील. जा, मैदानात कागद पडलेत बघ."

बाकीचे सरही हसले. सुकन्या कागद उचलायला गेली खरी, पण दर कागदागणिक तिच्या मनातलं काहीतरी घट्ट होत होतं.

अशात शाळेत पाहुण्या येणार असं ठरलं. शिक्षण विभागातल्या एक मोठ्या बाई. त्यांच्यापुढं मंत्रिमंडळाचं अधिवेशन करून दाखवायचं, असं हेडसरांनी जाहीर केलं आणि काम हिरेमठ सरांकडं दिलं. हिरेमठ सर नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि फार मनापासून शिकवायचे. त्यांनी अध्यक्ष नेमला, विरोधी पक्ष नेमला, प्रश्न लिहिले, उत्तरंही लिहिली. ग्रंथालयाच्या मुद्द्यावर विरोधकांचा सभात्याग ठेवला. विरोधकांनी घोषणा देत दाराबाहेर जायचं आणि टाळ्या झाल्या की शहाण्यासारखं परत येऊन बसायचं.

"खरं अधिवेशन वाटलं पाहिजे," सर पुन्हा पुन्हा सांगायचे. "आमदार घाबरत नसतो. मान वर, आवाज खणखणीत!"

सुकन्याच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं. 'अध्यक्ष महोदय, मुलींचे स्वच्छतागृह शाळेच्या पूर्ण वेळेत खुले व स्वच्छ असते.'

"सर, हे खोटं हाय," ती म्हणाली.

हिरेमठ सरांनी चष्मा पुसला. त्यांना ते माहीत होतं. "अगं, नाटुकलं समज. वाक्य म्हणायचं आणि खाली बसायचं."

सरांचा तिला राग आला नाही, वाईट वाटलं. एवढा भला माणूस, आणि हेडसरांपुढं असा मूग गिळून बसतो.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन वर्गांमधली फळी काढून आणि कडेला पडदा लावून सभागृह केलं होतं. बाईंचा हार-चादर देऊन सत्कार झाला. दहावीचा आदिनाथ अध्यक्ष म्हणून उंच खुर्चीवर बसला, हातात शाळेचीच घंटा. क्रीडामंत्र्यांनी उत्तर दिलं, सहलमंत्र्यांनी दिलं. ग्रंथालयावरून विरोधक बाहेर गेले, टाळ्या घेऊन परत आले. बाई खूश, हेडसर त्यांच्याहून खूश.

मग विरोधी बाकावरची रेश्मा उठली. आजारपणानं तिचा आवाज अजून बारीक होता. "अध्यक्ष महोदय, मुलींच्या स्वच्छतागृहाची स्थिती काय आहे, हे मंत्री महोदया सांगतील का?"

सुकन्या उभी राहिली. पडद्याआडून हिरेमठ सर कुजबुजले, "अध्यक्ष महोदय, मुलींचे..."

"अध्यक्ष महोदय," सुकन्या म्हणाली, "मुलींच्या बाथरूमला कुलूप हाय."

पडद्याआडचा आवाज थांबला.

"चावी मागायला गेलं की मोठी माणसं हसत्यात. म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत न्हाईत. मला प्रश्न विचारणारी पोरगी त्याच पायी सलाईनवर होती. आणि मला सांगितलंय, खुलं असतं म्हणून सांग. मी न्हाय सांगणार."

हेडसर मोठ्यानं खाकरले. आदिनाथनं घाबरून घंटा बडवली. "मंत्री महोदयांनी खाली बसावं!"

"बसणार न्हाय. मी सभात्याग करते."

आदिनाथ खुर्चीवरून वाकला आणि हळूच म्हणाला, "अगं, सभात्याग विरोधक करत्यात. तू सरकारात हाईस. मंत्र्याला करता येत न्हाय."

"येतंय की. बघ."

ती निघाली. मान वर, सरांनी शिकवल्याप्रमाणे. मागं एक बाक सरकल्याचा आवाज आला. रेश्मा उठली होती. मग सातवीच्या मुली उठल्या, मग आठवीच्या, मग स्वागताला नटवून उभ्या केलेल्या मुली हातातलं तबक खाली ठेवून निघाल्या. घोषणा कुणी दिली नाही. सगळ्या मैदान ओलांडून गेल्या आणि त्या कुलूपबंद दारापुढं रांग लावून उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्यावर परत यायचं असतं, हे या सभात्यागाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

हेडसर चावी घेऊन धावत आले. मागून पाहुण्या बाई आल्या, एकदा रांगेकडं बघून मोबाईल बघू लागल्या. ही बाई आपल्या बाजूनं बोलेल, असं सुकन्याला क्षणभर वाटलं होतं.

"गैरसमज झालाय मॅडम, पोरी आहेत," म्हणत हेडसरांनी कुलूप उघडलं आणि कोयंड्याला तसंच अडकवलं. "झालं समाधान? जा आता." मग सुकन्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाले, "पाहुण्या गेल्या की तुझ्या आईला बोलावतो."

"बोलवा सर. माझी आई एकटी येणार न्हाय."

रेश्मा आत गेली. नळ सुटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला आणि रांगेतल्या एका लहान मुलीला हसू फुटलं. मुली एकामागून एक जाऊन आल्या. शेवटची बाहेर आली तसे हेडसर कुलूप घ्यायला पुढं झाले. कोयंडा रिकामा होता.

कुलूप सुकन्याच्या हातात होतं. ती ते शांतपणे ओढणीच्या टोकात बांधत होती.

"सुकन्या, कुलूप दे इकडं."

तिनं गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि हेडसरांच्या डोळ्यांत बघितलं.

"चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली. "कुलूप माझ्या खात्याचं हाय."