बोलली असती तर

वडिलांनी पिशवी समुपदेशक बाईंच्या टेबलावर उपडी केली. कात्री, किसणी, नेलकटर, काटे-चमचे आणि, का कोण जाणे, चहाची गाळणी.

"घरात धारेचं काही ठेवलं नाही, मॅडम. बाथरूमची कडीसुद्धा काढली."

त्यांची जीभ तेवढी राहिली होती. ती सोबत घेऊन आले होते.

मुलगी शर्टाच्या लांब बाह्या मुठीत धरून खुर्चीच्या कडेला बसली होती. दवाखान्यातून घरी आल्यापासून तिच्या आंघोळीलाही दाराबाहेर आत्याचा पहारा असे.

"धोक्याचं दूर ठेवलंत, बरं केलंत," बाई म्हणाल्या. "पण तिला विचारून?"

"तिला काय विचारायचं? अक्कल असती तर इथे आलो असतो?"

बाई मुलीकडे वळल्या. "मरून जावंसं अजून वाटतं?"

"अहो!" वडील ताडकन उठले. "असलं काही तिच्या डोक्यात भरवू नका!"

"डोक्यात आहे, म्हणून तर इथे आलात. विचारल्याने ते वाढत नाही. बसा."

वडील बसले, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कॉलेज नालायक, मैत्रिणी भिकार, मोबाइल तर साक्षात काळ. सगळ्यांचा उद्धार झाल्यावर गाडी घरावर आली.

"काय कमी केलं हिला? एक शब्द तरी बोलायचा! आम्ही काय मेलो होतो?"

बाईंनी पेन असं आपटलं, की टोपण उडून कोपऱ्यात गेलं. त्यांनी ते उचललं नाही.

"कधी कधी वाटतं," मुलगी म्हणाली. मघाच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता आलं होतं. "रोज नाही."

"तेव्हा कोणाशी बोलावंसं वाटतं?"

"आता कोणाशीच नाही."

"आधी?"

"बोलले होते की. परीक्षेच्या आधी. म्हटलं, मला जगणंच नकोसं झालंय."

"कोणाला म्हणालीस?"

"बाबांना."

"मग?"

"म्हणाले, आधी पेपर दे, मग बघू." तिने बाही आणखी खाली ओढली. "पेपर चांगले गेले."

वडिलांनी तोंड उघडलं.

"उत्तर नको," बाई म्हणाल्या. "नुसतं ऐका."

मुलीने खुर्ची फरफटत वळवली. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले. वडील चष्मा काढून पुसायला लागले.

"चष्मा नंतर पुसा, बाबा. माझ्याकडे बघा."

आणि ती बोलू लागली. आवाज चढलेला होता. थेट बापावर गेलेला.