खंडेनवमीचं चार्जिंग

"मालक, दिवा आत नका आनू," आश्रुबा म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की आपण नको त्या दिवशी बोललो.

दारात बन्सीधर निरांजनाचं ताट घेऊन उभा होता. मागे त्याची बायको चतुराबाई, हातात हळदकुंकू. जिंतूरच्या बसस्टँडमागे बन्सीधरचं हे बॅटरी चार्जिंगचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधल्या ओसरीत पिण्याच्या पाण्याचा रांजण. बावीस वर्षं आश्रुबा इथे बॅटऱ्या भरत होता.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. दरवर्षी त्या दिवशी चार्जिंग बंद असे. बॅटऱ्या पुसून, बुचं लावून मग पूजा होई. पण यंदा दोन दिवस लाईट नव्हती, ती पहाटे आली. देवीच्या मिरवणुकीतल्या कर्ण्याला बॅटरी हवी, उद्या बुद्धविहारातल्या सभेच्या कर्ण्यालाही हवी. सहा बॅटऱ्या उघड्या बुचांनी खदखदत होत्या. झाडलोट झाल्यावर धूळ नको म्हणून बन्सीधरनं खिडकीही लावून घेतली होती.

"का रं? का नको?"

"आत गॅस कोंडलाय. पेट घेतो त्यो."

बन्सीधर हसला. माणूस वाईट नव्हता. सणाला आश्रुबाच्या घरी डबा पाठवायचा. पण आपलंच बोलणं त्याला फार गोड लागे. "तुमी देव सोडले म्हनून आमी बी सोडावं का, आश्रुबा? पटत नसंल तर भाईर उभं ऱ्हा. वर्साचा एक दिस हाय."

आश्रुबाच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला होता, हे खरं. पण देवाचा इथे काय संबंध? हे ज्ञान त्याच्या लेकीचं होतं. सत्यशीला परभणीला बीएस्सी करत होती. उन्हाळ्यात इथेच स्टुलावर बसून तिनं बॅटरीतले बुडबुडे पाहिले आणि टाळी वाजवली.

"आबा, हा हायड्रोजन हाय! आमचे सर म्हणतात, उद्याच्या गाड्या ह्याच्यावर पळतील. धूर न्हाई, राख न्हाई. जळला की नुसतं पाणी होतं."

बावीस वर्षं आपण उद्याचं इंधन खिडकीतून सोडून देतोय, हे ऐकून आश्रुबाला हसूच आलं. "जाळातनं निघालेलं पानी? मंग ते कुन्या हिरीचं म्हनायचं, बाई?"

सत्यशीलाही हसली आणि मग तिची नजर खाली गेली. आबांच्या पायाशी घरून आणलेली पाण्याची बाटली होती आणि चार पावलांवर रांजण. त्याला हात लावू नको असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. जाताना ती एवढंच सांगून गेली, "बंद खोलीत ठिणगी मात्र नको हां, आबा."

हे सगळं आता आश्रुबाच्या जिभेवर होतं. पण अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या बातमीवर त्याच्या भावाचं घर जळालं, तेव्हा एरवी शेजारी बसून हुरडा खाणारी माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. तेव्हापासून तो शब्द तोलून वापरी. आज देवाचं ताट अडवलं, तर संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर त्याला तिखटमीठ लागलेलं असणार. त्यानं शब्द गिळला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

चतुराबाईनं नवऱ्याच्या हातातलं ताट घेतलं. पहिल्या बॅटरीला कुंकू लावलं, दुसरीला लावलं. तिसरीवर ती वाकली.

आवाज एकच झाला. दाराची फळी निखळली, बन्सीधर उंबऱ्यावर आपटला. चतुराबाई दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती आणि ओरडत नव्हती. आश्रुबा आत धावला. तिच्या पदराला बघता बघता भोकं पडत चालली होती.

"बॅटरीतलं तेजाब उडालं! पानी आना!"

कुणी हललं नाही. बन्सीधर नुसता "देवा, देवा" करत होता. त्याची आई पार्वतीबाई मूठभर हळद घेऊन धावली, तिला आश्रुबानं हातानं बाजूला सारलं. चतुराबाईला दंडाला धरून ओसरीत आणलं, रांजणाचं झाकण भिरकावलं आणि तांब्या आत बुडवला.

"डोळे उघडा, वैनी! उघडा म्हंतो ना!"

एका हातानं तिचं डोकं धरून तो ओतत राहिला. रांजणाचा तळ दिसेपर्यंत ओतलं. मग कुणीतरी जीप आणली.

जीप गेल्यावर तो ओसरीतच बसला. आत चार्जर अजून गुणगुणत होता, तो बंद करायचंही त्याला सुचेना. आपण दुसऱ्यांदा का नाही बोललो? दोन हात आडवे का नाही धरले? भीती वाटली म्हणून. ती भीती खरी होती, म्हणून काय झालं?

दहाव्या दिवशी चतुराबाईला घरी आणलं. बन्सीधर दुकानात येऊन जमिनीकडे बघत बोलला.

"उजवा डोळा गेला. डावा ऱ्हायला. लगीच पानी वतलं म्हनून ऱ्हायला, म्हनले डॉक्टर." मग हळूच, "तू सांगितलं व्हतंस."

"एकदाच सांगितलं, मालक."

आणि तेव्हा त्याची नजर अंगणात गेली. राखेनं घासलेला रांजण तिथे उन्हात पालथा पडला होता. ओसरीत नवाकोरा माठ, त्यावर ओलं फडकं. पार्वतीबाईचं काम. आश्रुबाला कानशिलात बसल्यासारखं झालं. त्याच पाण्यानं सुनेचा डोळा वाचला, आणि त्याच पाण्याला आपला हात लागला म्हणून रांजण बाद! तो कुठे बघतोय ते बन्सीधरनं पाहिलं आणि तो आत गेला.

दिवेलागणीला चतुराबाई दारात आली. उजव्या डोळ्यावर पट्टी. एका हातात न पेटवलेला दिवा, दुसऱ्यात काडेपेटी.

"मामा, दिवा कुठं ठिवू?" तिनं आश्रुबाला विचारलं.

"आगं, रोजच्या जागी ठिव की!" पार्वतीबाई आतून म्हणाली. "कुनाला इचारायलीस?"

चतुराबाई जागची हलली नाही. "तुमी सांगा, मामा."

"भाईर, वैनी. अंगनात."

पायानं पायरी चाचपत ती खाली उतरली. दिवा लावला. पालथ्या रांजणाच्या बुडावर हात फिरवून तिनं जागा अजमावली आणि दिवा तिथे ठेवला.

आश्रुबानं खिडकीची दोन्ही दारं उघडली. तिथून दिवा दिसत होता. मग त्यानं बॅटऱ्यांची बुचं काढली आणि चार्जर लावला.